सातऱ्याला सुट्टी

मार्च सरला, शेवटचं पोतं शिवलं
आणि मुनीम म्हणाला, उद्यापासून येऊ नका.
येऊ नका म्हणजे मग काय करायचं असतं
हे आम्हा तिघींतल्या एकीलाही नीट ठाऊक नव्हतं.
पंचफुला म्हणाली, "चाला वो, पानी पाहून येऊ."

सकाळी सातला भिवापूरच्या चौकात
अंकुशची काळीपिवळी अकरा जणांना घेऊन उभी.
आम्ही चढलो, आणि पहिल्या वळणाच्या आत
म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत अख्खी गाडी शिंकली.
कितीही धुवा, लुगड्याच्या निऱ्यांत
चार महिन्यांची मिरची बसलेली.
"बायांनो, तुमी खिडकीले बसा!" अंकुश ओरडला.
जन्मात पहिल्यांदा मला खिडकी मिळाली ती अशी.

खिडकीतून बरड.
जी जमीन मी फक्त तळपायांनी ओळखायची
ती आज न बोचता डोळ्यांपुढून गेली.
मुरूम, कुसळं, तरोट्याच्या वाळल्या शेंगा,
पानाला जागा न ठेवता पेटलेला एकच पळस.
एका गावाची नुसती पाटी, गाव आत कुठेतरी.
एका गावात मोहाखाली वाकलेल्या पोरी,
मान वर न करता त्यांनी आम्हाला जाऊ दिलं.
कौतिका दर फाट्याला नातं जोडत होती:
इथं नणंदेची जाऊ, इथं मामेसासरा,
आणि त्या कौलारू घरात तिला पाहून गेलेला मुलगा.
"मीच नाही म्हनलं होतं त्याले,"
हे तिनं पवनीपर्यंत तीनदा सांगितलं.

पवनी आधी भिंतीतून येते.
दगडी वेस, तिच्या कपाळावर पिंपळाचं रोप,
पायाशी पंक्चरचं दुकान.
पाटीवर कुठलंसं शतक.
पंचफुलाला अक्षर लागत नाही, कौतिकाचा चष्मा घरी,
मी मोठ्यानं वाचलं आणि राजाच्या नावाशी अडखळले.
"लय जुनं हाय का?"
"लय."
"मुनीमाच्या वहीपरीस?"
"त्याहून."
"मंग ठीक हाय," म्हणत तिनं चपला काढल्या.
वेशीच्या सावलीत डबे उघडले:
तांदळाची भाकर, लाखोळीची भाजी
आणि तिघींच्याही डब्यात, न ठरवता,
ठेचा.
हसता हसता पंचफुलाला ठसका लागला.

घाटाच्या पायऱ्या मोजत उतरलो, मोजणी चुकली.
वैनगंगा पायऱ्यांपासून लांब सरकलेली,
वाळूत एक डोह, डोहात एक डोंगा,
डोंग्यात चिरकूट डहारे, विडी विझलेली.
"पानी वरतं धरनात हाय बाई,
सोडलं का येते. आज एवढंच."
एवढ्याशा पाण्यावर त्यानं आम्हाला
पार पलीकडे नेलं, पलीकडे काही नव्हतं,
तरी तिघी उतरून दोन पावलं चाललो.

परत येताना कमरेच्या चंचीतून नोट काढली.
त्यानं घेतली, हुंगली, शिंकला.
"भिवापूरची."
मग वल्हं तसंच धरून, पाण्याकडे पाहत,
"माही बायको बी होती दोन हंगाम सातऱ्यावर.
रातच्याला तिचा हात अंगावर पडला
का आग व्हायची, झोप उडायची."
"आता?" कौतिकानं विचारलं. विचारायला नको होतं.
"आता आग नाही," तो म्हणाला,
"झोप बी नाही."

वल्ह्यावरून थेंब पडत राहिले.
मी हात डोहात सोडले.
पाणी लागलं की मिरची आधी जागी होते,
नखांच्या कडांतून, भेगांतून, परत पहिल्या दिवसासारखी,
आणि आपण हात काढून घेतो.
मी काढला नाही.
बऱ्याच वेळानं बोटांना कळलं
की ती गार झाली आहेत.

घरी पोचले तेव्हा दिवे लागून गेलेले.
हंगामभर मी हात उशीखाली दाबून झोपायची,
कुणाला लागू नयेत म्हणून.
त्या रात्री एक हात बाहेर ठेवला,
शेजारच्या पाठीवर, अगदी हलका.
मध्यरात्री अंधारात
माझा नवरा जोरात शिंकला
आणि मी गाढ झोपल्याचं सोंग घेतलं.
हात तिथंच होता.
त्यानंही तो हलवला नाही.